वैद्य अभिजीत यांचे काळे झालेले केस

केस काळे असणे ही ज्याची-त्याची खाजगी बाब असली, तरी ते पांढरे होणे हा सार्वजनिक विषय आहे. काळ्या केसांची कुणी चौकशी करीत नाही. पांढऱ्यांबद्दल ऑटोवालासुद्धा सल्ला देतो, आणि मीटरबाहेर देतो.

या सार्वजनिक गरजेतूनच प्रताप नगरात वैद्य अभिजीत यांचा दवाखाना निघाला. उपचार अकाली पिकणाऱ्या केसांवर. वैद्यांचे स्वतःचे केस तिशीच्या आतच पिकलेले. याचा धंद्यावर वाईट परिणाम होईल, असे अननुभवी माणसाला वाटेल. प्रत्यक्षात ते पांढरे डोके पाहून रोगी निर्धास्तपणे नाडी पुढे करीत. (काळ्या केसांचा वैद्य म्हणजे कालच पास झालेलं पोरगं.)

शास्त्र स्पष्ट आहे. ऊन, राग, चिंता आणि तिखट यांनी पित्त वाढते व केस वेळेआधी पिकतात. तेव्हा माणसाने नागपुरात राहून मे महिन्यात उन्हापासून लांब असावे, उड्डाणपुलाच्या कामाशेजारून शांत चित्ताने गाडी काढावी आणि सावजी रस्सा सोडावा. पहिल्या दोन अटी रोगी लगेच मान्य करीत. तिसरीत 'रविवार वगळून' अशी दुरुस्ती सुचवीत. मग आवळा, माका, नाकात तेलाचे थेंब आणि पोट साफ करणारे काहीतरी. शंभरातल्या बारा जणांना फरक जाणवे. (त्यांतल्या नऊ जणांनी बाथरूममधला बल्ब बदललेला असे.)

अशात वैद्यांना स्थळ आले. उमरेडच्या ईश्वरदासांची रुचिका, रामदासपेठेत फिजिओथेरपिस्ट. फोनवर बोलणे झाले आणि वैद्यांना ती फार आवडली. आवडली म्हणून चिंता लागली, आणि चिंतेचे शास्त्र वर आलेच आहे.

मुलगी पाहायला निघण्याआधी आई प्रयागबाईंनी कलपाची वाटी पुढे केली. "तुह्या बापाचे केस अजून काळे, अन् तूच त्याचा बाप दिसून राहिला! लाव गा गुपचूप."

वैद्यांनी लावला.

मुलीचे मामा मनोहरराव नेमके त्यांचेच रोगी निघाले. परवा दवाखान्यात पाहिलेले पांढरे डोके आज काळेभोर! मामांच्या हातातली पोह्यांची बशी कलली.

"कोन्तं औषध घेतलं जी, डॉक्टरसाहेब?"

रुचिका समोर बसली होती. वैद्यांना खोटे बोलवेना. "कलप होय जी," ते म्हणाले.

सगळे समजूतदारपणे हसले. जातिवंत वैद्य आपले औषध सांगत नसतो. "राहू द्या, नाव नका सांगू," ईश्वरदास स्वतःचे डोके चाचपत म्हणाले, "आमाले पुडी तेवढी द्या."

"कलपच आहे बाबा," रुचिका म्हणाली. "कानामागं लागून राहिला त्यांच्या." तिच्यावरही कुणी विश्वास ठेवला नाही. पोरगी आतापासूनच नवऱ्याचं गुपित सांभाळते, म्हणून तिच्या आत्याने कौतुक केले.

मग गॅलरीत तिने वैद्यांना सांगितले, "मले पांढरे चालतात. लोकायले फसवणं नाही चालत. तुमचा एक तरी पेशंट कलप आहे हे मानून, औषध न घेता घरी गेला, की माझा होकार समजा."

एकच माणूस! अट वैद्यांना फार सोपी वाटली. त्यांनी दाराबाहेर पाटी लावली: 'माझ्या केसांना कलप लावलेला आहे.' तेव्हापासून रांग गल्लीबाहेर गेली आहे. लोक पाटी वाचतात, डोळा मारतात आणि पुडी मागतात. वैद्यांनी रोग्यांदेखत डोके धुऊन दाखवले. पाणी काळे झाले. दोघांनी ते बाटलीत भरून मागितले.

लग्न अडले आहे. रुचिकाचे फोन हल्ली कमी झालेत आणि वैद्यांचा जीव खरोखर कासावीस होतो. कलपाखाली उरलेसुरले केसही पिकल्याचे प्रयागबाई सांगतात.

ही हकीकत आम्ही लिहायला घेतली ती एकाच आशेने. नागपुरात नाही तर नाही, चार पुस्तके वाचणाऱ्यांत तरी असा एक माणूस निघेल. तुम्ही आता सगळे वाचलेत. कलप आहे हे तुम्हांला पूर्ण पटले आहे, यात आम्हांला तिळमात्र शंका नाही. दवाखान्याला सुट्टी कोणत्या वारी असते, एवढेच काय ते तुम्ही आम्हांला विचारता आहात.