अर्धा इंच शिलाईचा

"ज्याला माणसाच्या अंगावर कोट बसवता येतो ना, त्याला बोटीत एक स्पीकर बसवणं म्हणजे हातचा मळ!"

असं मास्तरांनी भर जेवणात जाहीर केलं, तेव्हा टेबलाभोवती त्यांची बायको, सासूबाई आणि सासरेबुवा असे तिघं होते. कोणीही "वा!" म्हटलं नाही. सासूबाईंना ऐकूच आलं नव्हतं. सासरेबुवांना अगदी नीट ऐकू आलं होतं, आणि तीच तर पंचाईत होती!

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. टेलर मास्तर! सव्वीस वर्षं कोट शिवून शिवून त्यांचा असा ठाम समज झाला होता, की जगातली प्रत्येक गोष्ट म्हणजे शेवटी मापाचा आणि कापाचा प्रश्न. मिक्सर बिघडला, तरी ते आधी गळ्यातली टेप काढून त्याचा घेर मोजत.

सासरेबुवांनी एकतीस वर्षं खाडीत फेरीबोट चालवली होती. निवृत्त झाले आणि स्वतःची एक छोटी पांढरी बोट घेतली. आठ माणसं बसतील अशी, मागे गादीचा लांब बाक, हात धुवायला एवढंसं बेसिन. तिच्यावर त्यांचा असा जीव, की पाहुणा बोटीत चढला की आधी त्याच्या चपलांकडे बघत, मग चेहऱ्याकडे. मास्तरांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिची किल्ली एकदाही जावयाच्या हातात पडली नव्हती.

"बोटीला भोक?" सासरेबुवांनी चमचा खाली ठेवला. "माझ्या हयातीत नाही."

"बोटीला नाही हो! बाकाच्या फळीला!"

"फळी कुणाची? बोटीचीच ना?"

आता बायको मध्ये पडली. "बाबा, आईसाठी आहे ते. त्या मोठ्या स्पीकरचा आवाज कानानं नाही, अंगानं कळतो म्हणे. बाकाखाली बसवला की आईला गाणं कळेल."

यावर सासरेबुवांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई शाळेत तीस वर्षं गाणं शिकवत होत्या. दोन वर्षांपूर्वी कान गेले. कानातलं यंत्र होतं, पण त्यातून त्यांना भांड्यांचे आवाज आणि घरातली भांडणं तेवढी स्पष्ट ऐकू येत. गाणं लावलं की नुसती खरखर. पूर्वी त्या बोटीत बसल्या की खाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गात. आता गुमान पाण्याकडे बघत बसत आणि मधूनच विचारत, "लावलंय का रे काही?" ते विचारलं की सासरेबुवा उगाचच दोऱ्या सोडून परत बांधायला लागत.

"रविवारी तिला सत्तर पूर्ण होतील," सासरेबुवा शेवटी म्हणाले. "दहा वाजता बोट निघेल. तोवर जमलं तर जमवा."

आणि त्यांनी खिशातून किल्ली काढली! तिला लिंबाएवढं एक बूच बांधलेलं होतं. मास्तरांना ते फार गबाळं वाटलं, पण बोलायची ही वेळ नव्हती.

"आणि जावईबापू, तात्पुरतं काम मला चालत नाही. तात्पुरतं केलेलं काम म्हणजे कायमची डोकेदुखी!"

"छे छे! आपल्याकडे तात्पुरतं म्हणजे फक्त कच्चा टाका!" मास्तर म्हणाले. बायकोनं टेबलाखालून पायावर पाय दिला.

शनिवारी सकाळी मास्तर धक्क्यावर हजर झाले, ते वायरमनला घेऊन. वायरमन त्यांचा जुना मित्र. माणूस कामाचा चोख, पण स्वतःचं डोकं चालवायचं नाही ही त्याची शपथ. घरमालक म्हणाला बटण छताला, तर बटण छताला!

बाकाखालचा कप्पा चारी बाजूंनी बंद होता. समोरच्या फळीला गोल भोक पाडायचं, त्यात स्पीकर बसवायचा, कडेनं आठ स्क्रू. बस्स! खोक्यात दुकानदारानं पुठ्ठ्याचा गोल साचासुद्धा दिला होता: हा ठेवा, भोवती रेघ मारा, कापा. मास्तरांनी पुठ्ठा ठेवला. खडूनं रेघ मारली. काय ती रेघ! थरथर नाही की काही नाही. मग एक डोळा मिटून त्यांनी त्या रेघेच्या बाहेरून, सगळीकडे सारखं अंतर राखून, दुसरी रेघ मारली.

"ही दुसरी कशाला?" वायरमननं विचारलं.

"शिलाईची! अर्धा इंच! नवशिके सोडत नाहीत, आणि मग आयुष्यभर उसवत बसतात. काप बाहेरच्या रेघेवर!"

वायरमननं एकदा पुठ्ठ्याकडे बघितलं, एकदा रेघेकडे बघितलं, शपथ आठवली आणि करवत सुरू केली.

भोक मात्र असं सुरेख पडलं, की मास्तर दोन पावलं मागं सरून बघत राहिले. मग आठ किलोचा तो काळा स्पीकर दोघांनी उचलला आणि अलगद भोकात ठेवला.

स्पीकर आत गेला. गेला तो गेलाच! कडा नाही, स्क्रू नाही, काही नाही! सरळ आरपार, आणि आत कुठेतरी खोल "धप्प!"

दोघंही भोकाकडे बघत राहिले.

"मास्तर," वायरमन हळूच म्हणाला, "कापडाला शिलाई सोडतात. भोकाला पण सोडतात का?"

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भोकाच्या बाहेर सोडलेली शिलाई म्हणजे अर्धा इंच जास्तीचं भोक! सव्वीस वर्षांत असा काप चुकला नव्हता. पण उजेड पडून उपयोग काय? भोक पडून गेलं होतं.

"काढतो मी," म्हणून त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. चेहरा फळीला चिकटला, गाल दाबला गेला. आणि तशाच दाबल्या गालानं ते ओरडले, "पाणी!"

"कुठं?"

"आत! कोपरापर्यंत! अरे, बोट फुटली! आठ किलोचा धोंडा पडला, बूड फुटलं!"

वायरमन एका उडीत धक्क्यावर! "मास्तर, मला पोहता येत नाही!"

"मला तरी कुठं येतंय! डबा आण, डबा!"

मग सुरू झाला उपसा. वायरमननं आपला जेवणाचा डबा रिकामा केला, म्हणजे आधी घाईघाईनं त्यातलं जेवण जेवून टाकलं. मास्तर भोकातून डबा घालत, भरून काढत, बाहेर ओतत. बायकोचा फोन आला.

"अहो, झालं का?"

"जवळजवळ!"

"पाण्याचा आवाज कसला येतोय?"

"खाडी आहे ना इथं! खाडीला पाणी असतं!"

बाराव्या डब्याला ते मधेच थांबले. बोट बुडेल ही भीती होतीच. पण उद्या दहा वाजता सासूबाई नवी साडी नेसून धक्क्यावर येतील, बोट तळाशी असेल, आणि त्या विचारतील, "लावलंय का रे काही?" या विचारानं त्यांना अक्षरशः रडू यायला लागलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! शेवटी त्यांनी अंगातलं जाकीट काढलं, स्वतःच्या हातचं, अस्तरासकट, आणि चाचपडत आतल्या कोपऱ्यात, जिथून पाणी येतंय असं वाटलं तिथं कोंबलं.

नेमके तेव्हाच धक्क्यावर सासरेबुवा उगवले!

चोराच्या मनात चांदणं. मास्तर पटकन भोकासमोर पाठ टेकून खाली फतकल मारून बसले.

"काय जावईबापू, कसं चाललंय?"

"उत्तम!"

"मग खाली का बसलात?"

"मुंग्या आल्यात. पायाला."

"वायरमन तिकडे धक्क्यावर काय करतोय?"

"लांबून बघतोय. सरळ दिसतंय का ते."

वायरमननं लांबूनच मान डोलावली. सासरेबुवा बोटीत उतरले. त्यांची नजर आधी चपलांवर गेली, मग ओल्या बाहीवर, मग डब्यावर. एकतीस वर्षं फेरीबोट चालवलेल्या माणसाला डबा आणि ओली बाही यांचा संबंध सांगावा लागत नाही.

"उठा," ते म्हणाले.

मास्तर उठले. पाठीमागचं भोक सूर्य उगवावा तसं वर आलं.

"बाबा, माझं चुकलं," मास्तरांच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. "शिलाई सोडली, स्पीकर आत पडला, बूड फुटलं. किल्ली परत घ्या. पण आधी बोट बाहेर ओढा, ती बुडतेय!"

गुडघे टेकून सासरेबुवांनी भोकात हात घातला. हात बाहेर काढला. आणि ओली बोटं तोंडात घातली!

वायरमननं धक्क्यावर डोळे मिटून घेतले.

"गोड आहे," सासरेबुवा म्हणाले.

"काय?"

"पाणी. खाडी खारी असते, जावईबापू. हे गोडं पाणी आहे. बूड फुटलेलं नाही."

मास्तरांचा जीव असा भांड्यात पडला, की ते खरंच त्या डब्यावर जाऊन बसले. बोट फुटली नव्हती! अहो, बोट फुटली नव्हती!

"मग हे पाणी आलं कुठून?" वायरमन परत बोटीत येत म्हणाला.

सासरेबुवांनी टॉर्च मागितला. तिघांनी भोकात डोकावून बघितलं. कोपऱ्यात बेसिनच्या टाकीचा पाइप होता, आणि त्याच्या जोडातून थेंब थेंब गळत होतं. जोडाभोवती लोखंडी क्लिपऐवजी सुतळी गुंडाळलेली होती. गाठ मात्र अशी देखणी, की ती बांधायला एकतीस वर्षं फेरीबोटीवरच काढायला हवीत.

वायरमननं टॉर्च त्या गाठीवरच धरून ठेवला.

"दोन महिन्यांपूर्वी क्लिप तुटली होती," सासरेबुवा घसा खाकरत म्हणाले. "बेसिनखालच्या फटीतून हात घालून बांधलं होतं. जरा... तात्पुरतं."

मास्तरांना मागच्या दोन सहली आठवल्या. टाकी दर वेळी रिकामी, आणि दर वेळी सासरेबुवांचा एकच प्रश्न: "एवढे हात कोण धुतं? शिंप्याच्या हाताला असं काय लागलेलं असतं?" पण मास्तर काही बोलले नाहीत. जावई शहाणा असेल तर अशा वेळी बोलत नाही.

वायरमन बोलला. शपथ मोडून बोलला. "काका, ही बघा बॅटरी. पाणी आणखी दोन बोटं चढलं असतं ना, तर उद्या मधोमध खाडीत इंजिन बंद! हे भोक पडलं म्हणून दिसलं. नाही तर हा कप्पा कधी उघडणार होता कोण?"

सासरेबुवांनी भोकाकडे बघितलं. मग आत अडकलेलं ओलं जाकीट ओढून काढलं, पिळलं आणि जावयाच्या हातात दिलं.

"आता या भोकाचं काय करायचं, ते बोला."

आणि इथे मास्तर परत मास्तर झाले! "त्यात काय? गळा मोठा कापला गेला तर काय करतात? कॉलर लावतात!"

वायरमननं जाड फळीची गोल कडी कापली. कापण्याआधी सासरेबुवा स्वतः खडूच्या रेघेजवळ उभे राहिले. "शिलाई?" "नाही बाबा, शिलाई नाही!" मास्तरांनी त्या कडीला बाकाच्या गादीशी जुळणारं रेक्झिन चढवलं, मागून असा बारीक टाका घातला, की सासरेबुवांनी चष्मा लावून शोधूनही सापडला नाही. स्पीकर बोटीसाठीच बनवलेला असल्यामुळे पाण्यात बसूनही त्याचं काही बिघडलं नव्हतं. पाइपाला नवी क्लिप लागली. सुतळी सासरेबुवांनी कोणाला न दाखवता खिशात घातली.

रविवारी दहा वाजता बोट निघाली. खाडीच्या मधोमध सासरेबुवांनी इंजिन बंद केलं, सासूबाई नव्या साडीत मागच्या बाकावर बसल्या, आणि मास्तरांनी बटण दाबलं.

सासूबाई दचकल्या. "अगं बाई, इंजिन परत सुरू केलंत का?"

सासूबाईंनी बाकावर तळवा ठेवला. मग दुसरा ठेवला. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ जरा हलले. आणि मग त्यांचं एक बोट बाकावर पडायला लागलं. ठेका धरून! चौथ्या ओळीला त्या गायला लागल्या. सूर थोडा इकडेतिकडे होता, पण ताल? एक मात्रा चुकली नाही! बायको तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडत होती.

सासरेबुवा पाठ फिरवून दोरी सोडत होते, जी आधीच सुटलेली होती.

"बाबा, काय झालं?" बायकोनं विचारलं.

"डोळ्यात पाणी उडालं. खाडीचं."

मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं होतं, की गोड की खारं ते चाखून बघू का? पण ते गप्प राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सासरेबुवांना मिठी मारावीशी वाटली.

धक्क्याला लागल्यावर मास्तरांनी इंजिनची किल्ली काढून परत पुढे केली. सासरेबुवांनी ती घेतलीच नाही. "राहू द्या तुमच्याकडेच. पुढच्या रविवारी तुम्हीच घेऊन जा बोट. मी शेजारी बसतो."

मास्तरांची छाती अशी फुगली, की अंगात कोट असता तर तो उसवावा लागला असता! त्यांनी ऐटीत किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात टाकली आणि सासूबाईंना हात देण्यासाठी वाकले.

डुबुक!

किल्ली पाण्यात. मास्तर जागच्या जागी थिजले. बायकोनं डोळ्यांवर हात घेतला. आणि किल्ली काय करत होती? लिंबाएवढ्या बुचाला लटकून लाटांवर मजेत डुलत होती!

सासरेबुवांनी काठीच्या आकड्यानं ती शांतपणे ओढून घेतली, धोतरासारखी झटकली आणि परत जावयाच्या हातात ठेवली.

"असू द्या," ते म्हणाले. "हे बूच तुमच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बांधून ठेवलंय."