चौदा नंबरचा पाना

सलग तिसऱ्या सकाळी लिफ्टचे मिस्त्री घामाघूम होऊन उठले आणि उठल्या उठल्या पलंगाखालची पिशवी ओढून हत्यारं मोजायला बसले. बारा हवीत, भरली अकराच. चौदा नंबरचा पाना काही आजही परत आलेला नव्हता. तो आपल्या पायांनी परत येईल असं त्यांना का वाटत होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

स्वप्न तेच. लिफ्ट वर निघालीय, आत माणसं गच्च, आणि डोक्यावर कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटतंय. ठण्. ठण्. मग दोर सुटतो आणि सगळे खाली. तळ गाठायच्या आत मिस्त्री जागे!

त्यांच्या कामाचा नियम साधा होता. काम संपलं की हत्यारं मोजायची आणि वहीत सही करायची. अठ्ठावीस वर्षांत मिस्त्रींची सही एकदाही चुकली नव्हती. मोजणं तेवढं अलीकडे राहून जायचं. पाना नाही हे बुधवारी संध्याकाळी लक्षात आलं, आणि त्याच दिवशी त्यांनी दोन इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. पाना त्यातल्या एकीच्या छतावर राहिला असला तर? घरंगळून रुळात अडकला आणि कुणाचा जीव गेला तर? तीन दिवस त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"काही हरवलंय का?" बायकोने चहा देताना विचारलं.

"छे! माझं काय हरवणार?" मिस्त्री म्हणाले. अठ्ठावीस वर्षं बायकोला 'वस्तू जागच्या जागी ठेव' म्हणून ऐकवलेल्या माणसाला दुसरं काही म्हणता येत नाही.

"मग ती बेडरूमची खिडकी तरी बघा. कडी तुटून पंधरा दिवस झाले."

"उद्या बघतो."

मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. तिच्याकडे मिस्त्रींनी आडून आडून विषय काढला. "काय गं, एखाद्याला सारखं तेच स्वप्न पडलं तर?"

"कुणाला?"

"आहे आमच्या कामावरचा एक जण."

"त्याला कसली तरी काळजी असणार. दिवसभराचं मेंदू झोपेत चघळत बसतो. काही जण म्हणतात, तो संकटाची रंगीत तालीम करतो. आणि कधी कधी, बाबा, झोपेत कानावर पडलेला आवाज..."

पुढचं मिस्त्रींनी ऐकलंच नाही. तालीम! म्हणजे प्रयोग लागणारच! चहा तसाच टाकून ते बाहेर पडले.

पहिल्या इमारतीत काही सापडलं नाही. दुसरीत ते इतक्या घाईत शिरले की लिफ्टचा वीजपुरवठा आधी तोडला आणि आत कोणी आहे का हे नंतर बघितलं. आत होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका.

"कोण आहे रे तिकडे?" लिफ्टमधून आवाज आला. शाळा सुटून दहा वर्षं झाली तरी आवाज वर्गातलाच होता.

"मी मिस्त्री, बाई. पाचच मिनिटं हं!" मिस्त्री छतावर उतरत म्हणाले.

"वर काय शोधताय?"

खोटं बोलायची हिंमत होईना. वर अंधार, खाली मुख्याध्यापिका. मिस्त्रींनी पाना, सही, स्वप्न, सगळं सांगून टाकलं.

मग बाई म्हणाल्या, "मला अजून स्वप्नात गणिताचा पेपर असतो आणि पेन सापडत नाही. सदतीस वर्षं परीक्षा घेतल्या मी, तरी स्वप्नात मीच देते. शोधा तुम्ही, नीट शोधा. मी तोवर तुमच्या साहेबांना फोन करते."

"अहो बाई, नको!"

पण लिफ्टमध्ये साहेबांचा नंबर ठळक अक्षरांत मिस्त्रींनीच चिकटवलेला होता.

साहेब धापा टाकत आले. आधी बाईंना बाहेर काढलं, मग मिस्त्रींना झापलं. "न मोजता सही? तुम्ही? अहो, नव्या पोरांना मी तुमचं उदाहरण देतो!" मिस्त्रींची मान खाली गेली. नोकरी गेली तर गेली, पण आधी पाना सापडू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. साहेबांनी आपली बॅटरी त्यांच्या हातात दिली आणि दोन्ही इमारतींच्या लिफ्ट दुपारपर्यंत बंद ठेवून खड्ड्यापासून माथ्यापर्यंत तपासल्या. रहिवासी जिने चढत दोघांचा उद्धार करत होते. तीन वाजता साहेबांनी वहीत लिहिलं, 'आत काहीही राहिलेलं नाही,' आणि खाली सही ठोकली.

मिस्त्री घरी येऊन पलंगावर कोसळले. लागलीच डोळा लागला. लिफ्ट, गर्दी, ठण्, ठण्, आणि...

ते ताडकन उठून बसले. आता ते जागे होते. ठण्.

आवाज डोक्यामागून येत होता. मिस्त्रींनी पडदा सारला. खिडकी आणि चौकट यांच्या फटीत चौदा नंबरचा पाना खोचलेला होता आणि वाऱ्याने खिडकी त्याच्यावर आपटत होती.

"अगं ए!"

बायको पदराला हात पुसत आली. "तुम्ही काही बघेनात, म्हणून बुधवारी मीच खोचला. तुमच्याच पिशवीतला आहे. काही हरवलंय का म्हणून विचारलं तर म्हणे छे!"

मिस्त्रींना रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि हसता हसता बायकोला स्वप्नापासून साहेबांपर्यंत सगळं सांगून टाकलं. कुणी मेलं नव्हतं, कुणी मरणार नव्हतं. त्याच पान्याने पाच मिनिटांत त्यांनी नवी कडी बसवली आणि हत्यारं मोजायला घेतली. एकदा मोजली, पुन्हा मोजली.

"तेरा?"

तेरावी साहेबांची बॅटरी होती.

"उद्या द्या की," बायको म्हणाली. "खूप बोलले ना तुम्हाला? पडू दे एक रात्र त्यांनाही स्वप्न."

मिस्त्रींना क्षणभर मोह झाला. तेवढ्यात फोन वाजला.

"मिस्त्री," साहेबांचा आवाज बारीक झाला होता, "मी आत्ता जरा आडवा झालो होतो. डोळा लागला. तर माझी बॅटरी त्या लिफ्टच्या छतावर, आणि बाई आतून विचारतायत, 'सही केलीत ना?' जागा झालो, शोधली, तर खरंच नाही हो!"

"माझ्या पिशवीत आहे, साहेब."

पलीकडचा सुस्कारा बायकोलाही ऐकू आला.

"देवासारखे भेटलात. हे कुणाला सांगू नका हं."

"छे हो!" मिस्त्री नव्या कडीच्या खिडकीखाली पाय पसरत म्हणाले. "झोपा आता निवांत. मीही झोपतो."