दगडोबा मास्तरांचं नवं दालन

"जिल्हा नवा झाला, आता आपलं संग्रहालय बी नवं व्हनार, अन् ते बी सिमेंटचा कण न वापरता," असं दगडोबा मास्तरांनी पारावर जाहीर केलं, तेव्हा गाव फारसं हसलं नाही. दुष्काळात हसायलाही तोंड ओलं लागतं.

चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांनी उदगीरजवळच्या आपल्या गावात, जुन्या चावडीच्या एका खोलीत संग्रहालय मांडलं होतं. लग्नात रंगवलेले माठ, नक्षीच्या तांब्याच्या घागरी, गेरू-चुन्याची चित्रं काढलेले रांजण. सगळं घराघरातून हातापाया पडून आणलेलं. जुन्या जिल्ह्यानं कधी विचारलं नव्हतं. लातूरच्या नव्या कलेक्टर साहेबांनी येऊन पाहिलं, तर सरकारदरबारी संग्रहालयाचं नाव लागणार, एवढीच त्यांची आस होती.

दुसरी खोली उभी राहिली ती पडक्या शाळेच्या तुळयांवर आणि गावाच्या अंघोळीच्या सांडपाण्यात तुडवलेल्या मातीवर. भिंतींना महिनाभर साबणाचा वास येत होता. पण आत पाऊल टाकलं की अंग निवायचं. काय देखणी खोली होती ती! तशी आता कुणी बांधत नाही, याचं वाईट वाटतं.

मास्तरांचा नियम एकच, वस्तूला हात लावायचा नाही. साखराबाईनं स्वतःच दिलेली घागर पदरानं पुसली, तर तिलाही त्यांनी दरडावलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी साहेबांची जीप आली आणि मागोमाग टँकर. गावात पाणी नाही हे ऐकून साहेबांनी प्रेमानं आणलेला. मास्तर हार घेऊन पुढे झाले. गाव मात्र घराकडे पळालं, कारण टँकरचा रिवाज सगळ्यांना पाठ होता: जितकी भांडी रांगेत, तितकं पाणी घरात. घरातली भांडी लावून झाली आणि मग एकेकीला आठवलं, की आपलं एक भांडं मास्तरांकडे आहे.

"घागर मीच दिल्ती नव्हं? भरून परत आणून ठिवते," साखराबाई म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता घेऊन गेली. तिच्यामागून अख्खं संग्रहालय बाहेर पडलं. मास्तर दारात हात आडवे करून उभे राहिले, तर बायका हाताखालून वाकून गेल्या.

साहेबांनी दोन्ही दालनं पाहिली. गारवा फार आवडला म्हणाले. मग अदबीनं विचारलं, "मास्तर, कलावस्तू कुठं आहेत?"

मास्तरांची आयुष्यभराची मेहनत बाहेर रांगेत उभी होती. ती दाखवायला साहेबांना उन्हात न्यावं की काय, ते सुचेना. तेवढ्यात रांगेतून त्यांच्या बायकोची, सिंधुबाईंची हाक आली. मास्तरांनी स्वतः रंगवलेला रांजण तिनं केव्हाच नेऊन लावला होता.

"आवो, या की लौकर. नंबर आला आपला, अन् मला एकटीला हलंना ह्यो."

मास्तरांनी साहेबांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, हार साहेबांच्याच हातात ठेवला आणि धोतर सावरत पळाले. साहेब काय, परत येतील; गेलेला नंबर थोडाच येतो?

साहेब काही परत आले नाहीत.