विद्युल्लता डोर्लेकर हिचं दत्तकविधान

समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणणारी केबल वेळणेवाडीच्या सुगंधा डोर्लेकर यांनी रीतसर दत्तक घेतली, तेव्हा ती नऊ किलोमीटर लांब होती आणि तिचं बारसं व्हायचं होतं.

दोष माझा. मी वीज नियमन कार्यालयात अनुवादक होतो. जो वीज तयार करतो, त्याच्याकडे ती वाहून नेणाऱ्या केबलची मालकी नसावी, असा नियम इंग्रजीतून आला. पवनचक्कीवाल्या कंपनीने केबल टाकायची आणि मग कुणी तिसऱ्याने ती 'स्वीकारावी', असा त्याचा अर्थ. मी 'दत्तक घ्यावी' असं लिहिलं. 'ध'चा 'मा' करणाऱ्याचा निदान काही हेतू तरी असतो. मला फक्त जेवायला जायची घाई होती. राजपत्रात तसंच छापून आलं आणि छापलेलं बदलायला आमच्याकडे कुणी धजावत नाही.

मोठ्या कंपन्यांनी ती अट वाचून काढता पाय घेतला. एकच अर्ज आला. केबल वाळूतून वर येते ती जागा म्हणजे सुगंधाबाईंचं परसदार. अर्जात 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'मूल नाही. जागा आहे.' अर्जदाराच्या घरात वीज तयार करणारं कुणी नसावं, हीसुद्धा अट होती. त्यांचे यजमान धाकू डोर्लेकर जाळी विणत, त्यामुळे तीही पुरी झाली.

बारशाला मी कार्यालयातर्फे हजर होतो. नाव विद्युल्लता ठेवलं, हाक मारायला 'बाय'. घुगऱ्या वाटल्या. पहिल्या वर्षीच्या मोजणीत केबल चाळीस मीटरनी वाढलेली निघाली. आमचे अभियंते दळी यांनी 'वाढ वयोमानानुसार' असा शेरा लिहिला आणि मी खाली सही केली.

मग धाकूंनी पवनचक्कीवर वंगण घालायची नोकरी धरली. "आमची बाय येते कुठना, ता बापान बघू नको काय?" असं ते मला अभिमानाने म्हणाले होते. मी तेव्हाच त्यांना अडवायला हवं होतं. वीज तयार करणारा माणूस आणि केबलची मालकीण एका छपराखाली जेवतात, हे कुणीतरी कार्यालयाला कळवलं आणि तपासणीला मलाच पाठवलं.

"नोकरी सोडतंय," धाकू म्हणाले.

"उपयोग नाही. एकदा संबंध आला की तो कायम धरतात."

"मंग?"

"एक तर तुम्ही वेगळं राहायचं आणि एकमेकांना निरोपही धाडायचा नाही. नाहीतर केबल अनाथ म्हणून जमा होईल."

"जमा म्हंजे कुठं?"

"गोदामात. तुकडे करून."

सुगंधाबाई केबलवरची वाळू झाडत होत्या, त्यांचा हात थांबला. धाकूंनी चटई गुंडाळली, सुक्या बांगड्यांची पिशवी घेतली आणि होडीने सात नंबरच्या पवनचक्कीवर राहायला गेले. जाताना ते मलाच म्हणाले, "येतो, सायेब." मला त्याचं अजून वाईट वाटतं.

आठवडाभरात केबलला ताप भरला. दळींनी एकोणनव्वद अंश मोजला. नव्वदला वीज बंद करावी लागते. सुगंधाबाई ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसल्या होत्या. मला राहवेना. मी शुद्धिपत्रक तयार केलं, ''दत्तक घ्यावी' याऐवजी 'स्वीकारावी' असे वाचावे,' त्यावर वरिष्ठांची सही घेतली आणि दळींना घेऊन वेळणेवाडी गाठली.

"हे छापलं की दत्तक रद्द," मी म्हणालो. "केबल एखाद्या कंपनीकडे जाईल. धाकू आजच घरी येतील."

"आनि बाय?"

"ती नुसती केबल होईल."

त्यांनी फडकं पिळलं, नवी घडी घातली. "सायेब, एका शब्दान पोर दिलात. आता दुसऱ्या शब्दान काढून नेताव? ठेवा तो कागद खिशात."

"आणि धाकू?"

"त्यांना इचारलात तर ते पन हेच सांगतील. म्हनून तर गेले."

मी परतायला उठलो, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. डोर्लेकरांची जेवायची वेळ. वारा भरपूर होता, तरी सात नंबरची पाती थांबली. दोन मिनिटं थांबली आणि पुन्हा फिरू लागली. दळींनी तापमान पाहिलं तर एकाहत्तर. सुगंधाबाईंनी डोळे पुसले आणि पान वाढून घेतलं.

दोन पक्षांमधला निरोप नोंदवणं माझ्यावर बंधनकारक होतं. मी नोंदवहीत 'वारा पडला' असं लिहिलं.

याला सात वर्षं झाली. वारा रोज एक वाजता दोन मिनिटं पडतो. मी येत्या महिन्यात निवृत्त होतोय आणि शुद्धिपत्रक अजून माझ्या खिशात आहे. घड्यांवर ते फाटलंय. यंदाच्या मोजणीत केबल तीनशे मीटरनी जास्त भरली. पाणबुडे म्हणाले, वाढ सगळी समुद्राकडच्या टोकाला आहे आणि तिने सात नंबरच्या खांबाला वेढे घातलेत. नियमाने डोर्लेकरांच्या घरातल्या कुणालाही धाकूंकडे जायला मनाई आहे.

दळींनी शेऱ्यासाठी वही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं, 'वाढ वयोमानानुसार.'