अर्धा तास

दौलूतात्यांनी त्यांच्या डोंगरावर सात दगड रंगवलेत आणि सातही दगडांवर एकच मजकूर आहे : 'वरलीवाडी – अर्धा तास'. पहिला दगड पायथ्याला, कोयनानगरच्या रस्त्यापासून चार पावलांवर. सातवा वाडीच्या कुंपणाला टेकून. मधे अडीच तासांची छातीवरची चढण. सातव्या दगडापाशी तात्यांच्या घरातली फोडणी नाकाला झोंबते, पण दगडाचं म्हणणं तिथंही अर्धा तासच.

माणूस अडाणी असता तर हसून सोडून दिलं असतं. पण तात्यांनी उभा जन्म घाटरस्त्यावर मैलकुली म्हणून काढला. कडेचे किलोमीटरचे दगड रंगवायचे आणि त्यावरचे आकडे उजळायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी त्या दगडावर कुणी टेकलेलं दिसलं की अजून ओरडतात, "उठा, उठा! आकड्यावर बसू नगा!" आणि वर छातीवर हात ठेवून सांगतात, "आकडा कवा खोटं बोलत न्हाई." हे सांगताना पाठीमागं त्यांचे सात दगड उभे असतात.

मी उंब्रजला शाळेत चित्रकला शिकवतो. रविवारी आमचं एक मंडळ डोंगर चढतं. वयं चाळिशीच्या पुढं, पोटं त्याच्याही पुढं. पहिल्यांदा त्या वाटेला गेलो तेव्हा तिसऱ्या अर्ध्या तासाला आमचे अध्यक्ष, पेशानं वकील, खाली बसले आणि ही सरळसरळ फसवणूक आहे असं म्हणाले. प्रत्येक दगडाच्या सावलीत तात्यांनी पाण्याचा माठ ठेवलाय, वर ताटली झाकून. फसवणारा माणूस रोज डोंगरभर पाणी कशाला भरेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळे पाणी पिण्यात गुंतले होते.

वर पोचलो तर तात्या कुंपणापाशी उभे. "आलासा? म्हनलं न्हवतं, अर्धा तास!"

"तात्या, अडीच तास लागले आम्हाला!" वकील कडाडले.

"मग तुमी लय सावकाश चाललासा," तात्या म्हणाले आणि घराकडं वळले.

वाडीत अकरा घरं, त्यातल्या दहांना कुलूप. माणसं मुंबईला, ती गणपतीला येतील तेव्हा येतील. अकराव्या घराच्या उंबऱ्यात तात्यांची बायको, हौसाक्का, बसलेली. दोन्ही गुडघे गेलेले. तिनं प्रत्येकाच्या हातात ताकाचा पेला दिला आणि चौकशी सुरू केली. गाव कुठलं, कुणाचं, लगीन झालं का, न्हाई तर का न्हाई. कोर्टात दुसऱ्यांची उलटतपासणी घेणारे आमचे अध्यक्ष पाव तासात आपली साखर, जावयाची नोकरी आणि बायकोचा रुसवा सगळं सांगून मोकळे झाले. पुढच्या खेपेला अक्कानं रुसवा निघाला का म्हणून आठवणीनं विचारलं.

तरीही मंडळानं ठराव केलाच. दगडांवर खरी वेळ लिहायची. अक्षर बरं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. एका शनिवारी रंगाचा डबा घेऊन गेलो, तर पहिल्या दगडापाशी तात्या बसलेले. त्यांना कळलं होतं.

"लिवा मास्तर. आदी मीबी खरंच लिवलं हुतं," ते म्हणाले. "अडीच तास वाचून माणसं हितंच फोटू काढायची आन् माघारी फिरायची. ही आपली दिसभर उंबऱ्यात. ताक घुसळून ठेवायची आन् सांजंला म्हशीला पाजायची. मी खाली उतरतो, च्या पितो, चार माणसं भेटत्यात. तिनं काय करावं? चार वर्सं कुंपणाभायेर पाय न्हाई तिचा. डोलीतनं उतरवतो म्हनलं तर म्हनती, मेल्यावर उचला."

मी डबा खाली ठेवला. "पण तात्या, आकडा खोटं बोलत नाही म्हणता ना?"

"म्या आकडा कुठं लिवलाय?" तात्या दुखावल्यासारखे म्हणाले. "अक्षरात लिवलंय."

वकिलांनाही हे सुचलं नसतं. मी डबा उघडला आणि दगडाच्या मागच्या अंगाला, उतरणाऱ्यालाच दिसेल अशी, खरी वेळ लिहिली. पुढच्या बाजूचा 'अर्धा तास' तसाच ठेवला. ठराव पाळला गेला. कुठल्या बाजूला लिहायचं हे त्यात नव्हतं. तात्या माझ्याबरोबर दगडोदगडी आले. तिसऱ्या दगडापाशी त्यांनी माझा हात धरला. "हितनं एक तास चाळीस. तुमी पन्नास लिवलं. पुसा."

वर पोचेस्तोवर ऊन कलायला लागलं होतं. तात्या म्हशीला पाणी दाखवायला गेले. अक्कानं ताक दिलं आणि हळूच विचारलं, "दगडं बदललीसा?"

मी दचकलो. "तुम्हाला माहीत आहे?"

"न्हाई कसं? जन्मभर डोक्यावर पाटी घिऊन चढलीया मी ह्यो डोंगर. अर्ध्या तासात कोन येतंय?" ती हसली. मग म्हशीकडं एकदा बघून घेतलं. "माझ्यासाटी करतो म्हनलं आसत्याल. म्हनू द्या. मला कुनी न्हाई आलं तरी चालतंय, मास्तर. म्हातारीला काय, पडून ऱ्हाती. पन रविवारी कुनी आलं न्हाई की ह्ये जेवत न्हाईत. ताट तसंच सारत्यात. म्हनून मी आपली इचारीत बसती, गाव कुठलं आन् लगीन झालं का. मानसं वाईच जास्ती बसत्यात."

मला दोघांचाही फार लोभ वाटला, आणि आमच्या ठरावाची लाज वाटली.

तात्या परत आले. "काय म्हनत हुती?"

"उद्या किती जण येणार, विचारत होत्या."

"तिला लय हौस मानसांची," तात्या म्हणाले. मग कुंपणापाशी गेले आणि कपाळावर हात धरून खालची वाट न्याहाळत उभे राहिले. रविवार उद्या होता.