आधीचा पत्ता

नवीन पनवेलच्या सिंधुदर्शन सोसायटीतून सिंधू सोडाच, खाडीसुद्धा दिसत नाही. तरीही २०१२ सालच्या मार्चमध्ये सोसायटीची मान उंचावली. सेक्रेटरी प्रभाकर टिपणीस यांचा मुलगा प्रणित अमेरिकेचा नागरिक झाला. टिपणीसांनी बत्तीस फ्लॅटांत पेढे वाटले आणि गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर प्रणितपेक्षा टिपणीसांचा फोटो मोठा होता, कारण जन्म त्यांनी दिला होता. फ्लेक्स बांधायला वॉचमन कान्हा शिडीवर चढला होता.

खाली उतरून पेढा तोंडात टाकल्यावर कान्हाने खिशातून दाखल्याचा घडी घातलेला अर्ज काढला.

"साहेब, रेशनवाले म्हनतात, सोसायटीचा दाखला आना. मी हितं ऱ्हातो म्हनून. कारड नाय तर तांदूळ नाय. चिंधी चार येळा गेली, चार येळा परत पाठवली."

चिंधी ही कान्हाची बायको. दोघं अकरा वर्षं मीटररूमशेजारच्या खोलीत राहत होती. पहाटे पाणी आलं नाही की टिपणीसांना हे नेमकं आठवत असे. पण सहीचा मामला वेगळा.

"असा कुणालाही दाखला देता येत नाही, कान्हा. आमच्या प्रणितला नऊ वर्षं लागली. अर्ज, मुलाखत, परीक्षा, शपथ! म्हणून तर त्या देशाला किंमत आहे."

बोलता बोलताच टिपणीसांना कल्पना सुचली. रविवारी कमिटीत ठराव झाला की, दाखला मागणाऱ्याची प्रगत देशांच्या धर्तीवर परीक्षा घेण्यात यावी. दहा प्रश्न, पैकी सहा बरोबर हवेत. चेअरमन दिनानाथ वैद्यांनी अनुमोदन दिलं, खजिनदार किशोरीताईंनी चहा मागवला. चहा कान्हानेच आणला, आणि कप ठेवून तो परीक्षेला बसला.

"इमारतीचा पाया कधी खणला?"

"अठ्ठ्यान्नवच्या शिमग्यानंतर. मीच खनला ना. चिंधी पाट्या टाकत व्हती."

"पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे?"

"बी विंगच्या जिन्याखाली. वैद्यसायबांची जुनी सायकल हाय, तिच्या मागं."

सायकलचा पत्ता लागल्याने वैद्यांना आनंद झाला. कमिटीकडे बरोबर उत्तरांची यादी नव्हती. ती कान्हाकडूनच लिहून घेऊन त्याची उत्तरं तपासण्यात आली. दहापैकी दहा मिळाले.

राहिली शपथ. प्रणितने आपली शपथ ईमेलने पाठवली होती. टिपणीस ती मराठीत करून वाचू लागले. "आजवर मी ज्या परक्या सत्तेचा नागरिक होतो, तिच्यावरची निष्ठा मी पूर्णपणे सोडतो..."

"साहेब, ती परकी सत्ता म्हंजे कंची?" कान्हाने विचारलं.

टिपणीसांनी चष्मा पुसला. "आपली," ते म्हणाले. "तशी पद्धत असते. तुला फक्त आधीचं गाव सोडतो, एवढंच म्हणायचंय. बोल, आधीचा पत्ता काय?"

"ह्योच."

"हा आत्ताचा. त्याच्या आधीचा?"

"ह्योच, साहेब. आमची कातकरवाडी व्हती हितं. सात घरं. बिल्डर आला तवा बाकीची पांगली. माझी चूल व्हती तिथं आता तुमची गाडी असते. माझ्या बापाची चूलबी तिथंच व्हती."

किशोरीताईंनी कप खाली ठेवला. वैद्यांनी अर्ज उलटून पाहिला आणि सांगितलं, की रकाना चार, म्हणजे आधीचा पत्ता, आणि रकाना पाच, म्हणजे आत्ताचा, यांत एकच पत्ता लिहिता येणार नाही.

खरं सांगायचं तर, टिपणीसांना सही करावीशी वाटली. त्यांनी पेन उघडलंसुद्धा. पण ज्यासाठी प्रणितने नऊ वर्षं घालवली, ते एका सहीत उरकलं तर गेटवरच्या फ्लेक्सचं काय राहणार? त्यांनी शेरा लिहिला: 'अर्जदार कोठूनही आलेला नसल्यामुळे त्यास येथे स्वीकारता येत नाही. नामंजूर.'

कान्हाने शेरा दोनदा वाचून घेतला. खाली चिंधी तांदळाची रिकामी पिशवी घेऊन उभी होती.

"मंग मी कुटं तरी जाऊन येऊ का, साहेब? किती लांब गेलो म्हंजे चालंल?"

टिपणीसांनी प्रश्नावर गांभीर्याने विचार केला. "परदेश उत्तम. नाहीच जमलं तर निदान जिल्ह्याबाहेर."

तोवर नियमात बसेल अशी सोय करण्यात आली. कान्हा रहिवासी नाही म्हणजे पाहुणा. तेव्हा त्याने रोज सकाळी गेटवरच्या वहीत स्वतःची नोंद करायची, आणि मग दिवसभर इतरांच्या नोंदी घ्यायच्या. पिशवी अजून रिकामीच आहे.

सिंधुदर्शनमध्ये तुमचंही कुणीतरी राहतंच. गेलात की कान्हा वही पुढे करतो. 'कोठून आलात' या रकान्यात तुम्ही ऐटीत लांबचं गाव लिहिता आणि लिफ्टकडे वळता. त्याच पानावर पहिली ओळ त्याची असते, आणि तिथे तो रकाना कोरा असतो. ती ओळ वाचायला तुम्ही अजून कधी थांबलेला नाहीत.