लग्नाला न गेलेला निळा रुमाल

ऑरिन हॅस्केल दाराशी बसून न तुटलेलं खोगीर शिवत होता. लेकीच्या लग्नाच्या दिवशीही तो हेच करत होता. डेल्फियाने एका मेंढपाळाशी लग्न ठरवलं होतं, आणि अख्ख्या वायोमिंगमध्ये गाईगुरं पाळणाऱ्या माणसाचा याहून मोठा अपमान नव्हता. जावयाचं तोंडसुद्धा पाहायचं नाही, असं ऑरिनने जाहीर करून टाकलं. तरी डेल्फियाने आमंत्रणासोबत निळा रुमाल पाठवला. कोपऱ्यात त्याच्या नावाची अक्षरं तिने स्वतः भरली होती. 'हा गळ्यात बांधून या,' असा निरोप होता. ऑरिनने रुमाल खिशात घातला आणि खोगीर शिवायला घेतलं. तेव्हापासून खोगिराला इतके टाके पडले होते की घोडा ते पाठीवर घ्यायला कां कूं करायचा.

सुयादोरे विकणारा फेरीवाला धापा टाकत आला. तो पूर्वेकडच्या शहरातून नुकताच या मुलुखात आला होता आणि त्याला सगळ्याचीच भीती वाटायची.

"हॅस्केलसाहेब, तुमच्या मुलीला पळवलं."

"कोणी?"

"तोंडाला फडकी बांधलेल्या लोकांनी. घोड्यावर घातलं आणि शेजारच्या पिकेटच्या कोठाराकडे घेऊन गेले. मी झुडपामागून सगळं बघितलं."

"मग तू काय केलंस?"

"झुडपामागेच राहिलो."

क्षणभर ऑरिनला वाटलं, ही नेहमीची थट्टा असणार. नवं जोडपं घरी आलं की त्याच रात्री शेजारी पातेली बडवत येतात आणि नवरीला उचलून नेतात. नवऱ्याने तिला हुडकून काढायचं, मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. तरुणपणी ऑरिनने स्वतः कितीतरी नवऱ्या उचलल्या होत्या. पण ती थट्टा लग्नाच्या रात्रीची. डेल्फियाच्या लग्नाला तर महिना होत आला होता.

मेंढ्या वीत असताना मेंढपाळाच्या दारात कोणी पातेली बडवत नाही, कोकरांचा हंगाम संपेपर्यंत सगळे थांबतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते कळायला एखाद्या मेंढपाळाशी जन्मात एकदा तरी बोलावं लागतं.

"शेरीफला घेऊन ये," तो फेरीवाल्याला म्हणाला आणि बंदूक घेऊन निघाला.

पिकेटच्या कोठारामागे एकच माणूस होता. नाकापर्यंत फडकं, हातात दोर, आणि फळीच्या फटीतून आत डोकावणं चाललेलं. ऑरिनने वासराला टाकावा तसा फास टाकला आणि त्याला खाली पाडलं. फडकं ओढून काढलं तर तांबडे केस आणि अर्धीच डावी भुवई. अंगाला मेंढ्यांचा वास. पळवणारेही मेंढरंवालेच, म्हणजे सगळी जातच तसली, असं ऑरिनने ठरवून टाकलं.

"अहो, थांबा, मी तिचा..."

"तू कोण ते न्यायाधीशाला सांग."

तो ओरडून आतल्यांना सावध करेल म्हणून ऑरिनने खिशात हात घातला. हाताला निळा रुमाल लागला. तो त्याने त्या माणसाच्या तोंडात कोंबला, हातपाय बांधले आणि त्याला ओढत विलोच्या झाडाखाली नेऊन बसवलं.

शेरीफ येईना. ऑरिन बंदूक मांडीवर घेऊन वाट पाहत बसला. बराच वेळ गेल्यावर त्याला गप्प राहवेना.

"तुला मुलगी आहे?"

माणसाने मान हलवून नाही म्हटलं.

"मग तुला काय कळणार. लग्नाला बोलावलं होतं रे तिने मला. लग्नघराच्या फाटकापर्यंत गेलो होतो मी. तिथून परत फिरलो. मेंढ्यांच्या वासात उभं राहायचं नव्हतं म्हणून. एक दिवस नाक धरून उभा राहिलो असतो, तर मेलो असतो का?"

माणसाने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"तुझं मत नाही विचारलं. पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेवली होती म्हणे तिने. तिथे कोणालाच बसू दिलं नाही."

माणसाने होकारार्थी मान हलवली. याला कसं ठाऊक, हे विचारायचं ऑरिनला सुचलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते तो बाहीने पुसत होता.

तेवढ्यात कोठारातून डेल्फियाची किंकाळी आली. ऑरिन दार लाथेने उघडून आत घुसला आणि पहिल्याच माणसाच्या तोंडावरचं फडकं ओढलं. तो शेरीफ होता. त्याच्या एका हातात पातेलं होतं, दुसऱ्यात डाव.

"तू पण?"

"बंदूक खाली घे, ऑरिन. पोरीच्या पायावरून उंदीर गेला."

टेबलांवर जेवण मांडलं होतं. फिडलवाला नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. डेल्फिया बापाकडे पाहतच राहिली. मग धावत येऊन तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं.

"बाबा, तुम्ही आलात. कधीची बसलीये मी. एमेटचा पत्ता नाही. म्हटलं, मी ज्याची वाट बघते तो येतच नाही, असंच असेल माझं. आणि तुम्ही आलात."

तिला चोरांपासून सोडवायला आलो होतो, हे ऑरिनला सांगता येईना. खुर्ची रिकामी ठेवल्याची लाज होतीच, तिच्यावर ही नवी चढली. एवढ्यात दुसरीच शंका त्याला चाटून गेली.

"पोरी, तुझा नवरा दिसतो कसा?"

"तांबडे केस. आणि ही भुवई अर्धीच. का हो?"

"घेऊन येतो," ऑरिन म्हणाला.

विलोखाली जाऊन त्याने आधी रुमाल काढला, मग दोर सोडला. "त्यांच्यात मिसळून आत शिरायचं होतं, म्हणून फडकं बांधलं होतं," एमेट म्हणाला.

"आधी सांगायचं नाही का?" ऑरिन म्हणाला.

एमेट रुमालाकडे पाहत राहिला. ऑरिनने मान खाली घातली.

"माझं चुकलं. आजचं नाही म्हणत मी. तेही चुकलंच. पण मी त्या दिवसाचं म्हणतोय."

"तिला सांगा."

"तू सांग ना. ऐकलंयस सगळं."

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा कधीतरी," एमेट म्हणाला. त्याने रुमाल पिळून झटकला आणि गळ्यात बांधला.

आत डेल्फियाने बापाच्या पुढ्यात ताट ठेवलं. मेंढीचं मटण होतं. जन्मात न शिवलेला तो पदार्थ ऑरिनने मुकाट्याने तोंडात घातला, आणि तो चवीला चांगला निघाला याचंही त्याला वाईट वाटलं. डेल्फियाचं लक्ष मात्र नवऱ्याच्या गळ्याकडे गेलं होतं.

"हा तर बाबांचा रुमाल."

"त्यांनी दिला."

"बाबांनी? तुला?" तिचे डोळे पाण्याने भरले. "कधी?"

"भेटल्या भेटल्या," एमेट म्हणाला. "मला नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडू दिलं नाही."